तीन सर्व्हिसिंग फ्री

वागळे इस्टेटमध्ये, एका बंद कारखान्याच्या फाटकाशेजारी, एका माणसाचं जुन्या स्कूटरींचं दुकान आहे. माझी स्कूटर त्याच्याकडचीच. "ताई, डोळे मिटून घ्या, डॉक्टरची गाडी आहे," असं तो प्रत्येक गाडीबद्दल सांगतो. ठाण्यात स्कूटर विकणारे एवढे डॉक्टर आहेत तरी कुठे, कोण जाणे!

कारखाना बंद झाला आणि तिथला राखणीचा म्हातारा कुत्रा फाटकाशीच राहिला, अंगभर खरूज घेऊन. या दुकानदाराने दोन महिने औषधपाणी करून त्याला उभं केलं आणि त्याच्यासाठी घर शोधायला घेतलं. इथे मात्र हा माणूस एकदम हरिश्चंद्र झाला.

"उजवा डोळा गेलाय. मागचा पाय सकाळी लवकर स्टार्ट होत नाही. घोरतो. फटाके वाजले की जागेवरच मुततो. आधीच सांगतोय, नंतर परत आणायचा नाही!"

ऐकून प्रत्येक गिऱ्हाईक पळायचं आणि हा कुत्र्याचे कान चोळत खुशीत हसायचा.

मला हसू आवरेना. हसता हसता मी "चालेल" म्हणून बसले. त्याचा चेहराच उतरला. मग हळूच म्हणाला, "तीन सर्व्हिसिंग फ्री."

तेव्हापासून दर रविवारी तो नौपाड्यात आमच्या घरी येतो. फरशीवर बसून दात, नखं, कान तपासतो. कुत्रा त्याच्याभोवती गोल गोल नाचतो, टोपी पळवतो, दोघं मिळून घर डोक्यावर घेतात. काल अकरावी सर्व्हिसिंग झाली.

जिन्याखाली डॉक्टरची गाडी महिनाभर बंद पडून आहे. तिला वळसा घालून तो दोन-दोन पायऱ्या चढत वर येतो.