मॉडेलमधल्या पवनचक्क्या बघायला चोटील्याला

"बेन, मॉडेल ना पाडे छे, तो रिपोर्टमां ना लखी दो," शुक्रवारी आमचे साहेब म्हणाले. मॉडेल नकार देतंय, तर रिपोर्टमध्ये 'नाही' लिहून टाका म्हणे, आणि मी त्याच संध्याकाळी चोटील्याला जायचं ठरवलं. ज्या पवनचक्क्यांना सोमवारी नापास करायचं, त्यांना निदान एकदा डोळ्यांनी बघावं तरी! दोन वर्षं त्या मी कॉम्प्युटरवर फिरवत होते, पण जवळून एकही पाहिली नव्हती.

भानगड थोडक्यात सांगते. कुठलं तरी मोठं वीजकेंद्र अचानक बंद पडलं की साऱ्या वीजजाळ्यातली फ्रिक्वेन्सी पन्नास हर्ट्झवरून घसरते. फार घसरली तर अंधार. अशा वेळी पवनचक्कीची फिरती पाती स्वतःचा वेग थोडा मोडून काही सेकंद जादा वीज देऊ शकतात. पुढे तो वेग परत मिळवताना मात्र ती वीज कमी देतात, आणि फ्रिक्वेन्सी पुन्हा घसरते. माझ्या मॉडेलमध्ये ही दुसरी घसरण पहिलीपेक्षा वाईट निघत होती. म्हणजे या पवनचक्क्यांची मदत नकोच, असा निकाल. मला तो पटत नव्हता आणि खोडूनही काढता येत नव्हता, त्यामुळे डोकं नुसतं भणभणत होतं.

शनिवारी उजाडताच गोत्रीच्या घरून गाडी काढली. "एकटी कशी जाशील?" म्हणत बाबा शेजारी बसले. त्यांना गाडी चालवता येत नाही, पण रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून रस्त्यावरच्या प्रत्येक वाहनाला सिग्नल देणं हे ते आपलं काम समजतात. वासद, तारापूर, बगोदरा असा रस्ता आहे, टोलसाठी फास्टॅग भरून ठेवा. तारापूरच्या पुढे गरम गाठिये, कच्च्या पपईचा संभारो आणि तळलेल्या मिरच्या मिळाल्या. दोघांचं पोट दीडशेच्या आत भरलं. सायल्यानंतर टेकड्यांवर पाती दिसू लागली आणि मला चक्क धडधडायला लागलं.

आत जायला आधी परवानगी लागते. ती नसेल तर रस्त्यावरूनच बघा, तिथूनही छान दिसतात. साइट सांभाळणारे भावेशभाई फाटकावर टोपी धरून उभे होते. "वैशाखनो पवन छे बेन, चश्मा सांभाळजो!" वारा खरोखरच सुसाट होता. त्यांनी आम्हाला एका उंचवट्यावर नेलं आणि बाबांनी कॅमेरा काढला.

बाबांचा फोटो म्हणजे सोहळा असतो. सगळ्या पवनचक्क्यांचं एकेक पातं सरळ वर आलं की मगच ते बटण दाबणार होते.

"थांब, आता येतील एका ओळीत."

"बाबा, ऊन लागतंय."

"अगं, पुढच्या आल्या होत्या, पण मागच्या रेंगाळल्या!"

मी वैतागून बघितलं आणि बघतच राहिले. पुढची रांग जोरात फिरत होती, मागची आरामात. पुढचीने वारा खाल्ला की मागचीला उरलासुरला मिळतो, हे मी पुस्तकात शिकले होते. तरी हिशेब सोपा व्हावा म्हणून मॉडेलमध्ये मी एकच पवनचक्की घेऊन सगळ्यांइतकी मोठी केली होती. आमच्या धंद्यात असं सर्रास करतात. पण मग मॉडेलमध्ये सगळ्यांना एकाच क्षणी दम लागणार! पावागड चढताना अख्खी टोळी एकदम पायरीवर बसली तर वाट अडते, एकेक जण बसला तर चढण चालू राहते. इथेही वेग वेगवेगळे, म्हणजे दमण्याच्या वेळाही वेगवेगळ्या असणार होत्या. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

"भावेशभाई, प्रत्येकीच्या वेगाची नोंद मिळेल?"

"केम नहीं? उपरथी हा आवे एटले मोकलुं." वरून 'हो' आलं की पाठवतो, म्हणत त्यांनी लगेच वरच्या साहेबांना फोन लावला.

रात्री चोटील्यात साध्या गेस्ट हाउसमध्ये राहिलो. बाजरीचा रोटलो, वांग्याचा ओळो, म्हणजे आपलं भरीत, आणि ताक झकास होतं. डोंगरावरच्या देवीचं दर्शन पहाटेच घ्या, नंतर पायऱ्या तापतात.

रविवारी दुपारी घरी पोचले तोवर नोंदी आल्या होत्या. रांगांप्रमाणे पवनचक्क्या वेगळ्या केल्या आणि मॉडेल पुन्हा चालवलं. मदत थोडी कमी भरली, पण दुसरी घसरण अगदी उथळ झाली. मी एवढ्याने ओरडले की बाबा चहा टाकायचा सोडून आले. सोमवारी साहेबांनी आलेख दोनदा उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "लखो, पण शरतो साथे." वारा पुरेसा असेल तरच, अशी अट घालून मी 'हो' लिहिलं. चार शब्दांची अट, पण या पवनचक्क्या आता शर्यतीत आहेत.

त्या टेकडीने मला खुर्चीतून उठून बघायची खोड लावली, आणि ती राहावी असं वाटतं. बाबांचा प्रश्न मात्र वेगळाच होता.

"म्हणजे एखादं वीजकेंद्र बंद पडलं, तर तुझ्या पवनचक्क्या काय करणार?"

"सांभाळून घेणार. कुणाला काही कळणारसुद्धा नाही."

"मग मी सोसायटीत सांगू काय?"

"सांगा, दिवे गेले नाहीत म्हणून."

बाबांनी चपला घातल्या आणि सांगायला खाली गेले.