बहात्तर ठोके

प्रज्ञा नेमकं करते काय, हे सुरतेत नवागामच्या तिच्या गल्लीत एकालाही धड सांगता आलं नसतं. दिवसा ती रिंगरोडच्या साडी मार्केटात बिलं टाइप करते, एवढं सगळ्यांना ठाऊक. उरलेला वेळ कानात हेडफोन घालून लॅपटॉपसमोर मान हलवत बसते, म्हणून शेजारणींनी पोरगी कामातून गेली असं ठरवून टाकलं होतं. खरं तर ती बीट बनवायची. बमरोलीचा शुभम आणि त्याचे दोस्त रॅप करत. त्यांच्या शब्दांखाली वाजणारा ताल प्रज्ञाचा असे.

हा ताल काही कोणी बसून वाजवत नाही. एकेक ठोका सुटा मिळतो, मोठ्या ड्रमचा म्हणजे किकचा वेगळा, छोट्या स्नेअरचा वेगळा, आणि ते लॅपटॉपवर जुळवायचे असतात. अशा शे-दोनशे ठोक्यांच्या गाठोड्याला किट म्हणतात, आणि इंटरनेटवर अशा किट फुकट मिळतात. फुकट म्हटल्यावर हात आवरतो कोणाचा? प्रज्ञाचा लॅपटॉप किटांनी गच्च भरला होता. शोधण्यात तासन्‌तास जायचे आणि वापरले जायचे तेच चार ठोके. एक दिवस शुभमने तोंडावर सांगितलं, "दीदी, तेरा बीट और उधनावाले का बीट सेम लगता है." तिला ते फार झोंबलं, कारण खरं होतं. तिने आणि उधन्याच्या त्या बीटवाल्याने नेटवरून एकच किट उतरवली होती.

आणि घरात तर खुंटीला ढोलकी टांगलेली होती.

ढोलकी पप्पांची. तिचे वडील पोपट साक्री तालुक्यातून सुरतेला आले ते लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला. पण चौदा एप्रिल आला की उधन्यापासून डिंडोलीपर्यंत भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी त्यांचीच. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान जवळपास गेले होते. आपलं बोलणं आपल्यालाच नीट ऐकू येत नाही म्हणून ते घरातही ओरडून बोलायचे, आणि प्रज्ञा वैतागायची. ढोलकी ते कानांपेक्षा तळहातांनी ऐकत.

पप्पांच्या ढोलकीचे ठोके भरून घ्यायला मुहूर्त दिवाळीच्या सुट्टीचा लागला. लूम बंद, अर्धी वस्ती गावाला गेलेली. एरवी जिथे भिंतीसुद्धा थरथरतात, तिथे त्या आठवड्यात कावळ्याचं ओरडणं ऐकू येत होतं. प्रज्ञाने शुभमचा माइक आणला आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर गोधड्या टांगल्या. गोधड्या आईच्या. आई, म्हणजे सीता, घरी बसून साड्यांचे धागे कापायचं काम करते. कापलेली लेस असो, काठाचा तुकडा असो, ती काही फेकत नाही. सगळं दाराआडच्या गोणीत जातं आणि वर्षाकाठी त्याची गोधडी होते. या सवयीपायी मायलेकींची बरीच भांडणं झालेली.

"पप्पा, एकेकच ठोका द्या. मधे बोलू नका," प्रज्ञाने बजावलं. पप्पांनी मान डोलावली आणि लगेच बोलायला लागले. हा ठोका बाबुराव उस्तादांचा, बोटांवर छडी मारून शिकवलेला. मग ठोका. हा घुमारा काढायला मला दोन वर्षं लागली. मग घुमारा. असं प्रत्येकाचं. एका थापेआधी म्हणाले, "तू झाली त्या दिवशी सिव्हिलच्या बाहेर बाकड्यावर हीच वाजवली होती. वॉचमननं हाकललं मला." प्रज्ञा हसली आणि म्हणाली, पप्पा, पुढचा. दोन तास हे चाललं. पलीकडे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून आई धागे कापत ऐकत होती.

मग प्रज्ञाने ते साफ करायला घेतलं. ठोका वापरायचा तर फाइल बरोबर ठोक्यापासूनच सुरू झाली पाहिजे. आधी केसभर जरी काही राहिलं तरी ताल मागे पडतो. शिकवणारे सगळे हेच सांगतात आणि ते चूक नाही. तिने इतक्या सफाईनं कापलं, की आईनेही धागे तसे कापले नसते. बहात्तर ठोके निघाले. सगळे मिळून एक मिनिटही भरत नव्हते. मूळची दोन तासांची फाइल मात्र भली मोठी, आणि लॅपटॉपमध्ये जागा नाही. कधी न उघडलेल्या चाळीस किटांपैकी एक उडवली असती तरी भागलं असतं. तिने पप्पांची फाइल उडवली. रागवावं तरी कसं तिच्यावर? तिच्या लेखी ठोके हा माल होता आणि बोलणं म्हणजे कचरा.

किट झकास जमली. शुभमचं गाणं पोरांच्या फोनवर फिरायला लागलं. प्रज्ञाने पप्पांना ते लावून दाखवलं, तेव्हा त्यांनी स्पीकरवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हा माझा हात आहे."

फेब्रुवारीत पाळीवर असतानाच त्यांच्या छातीत कळ आली. खाली बसले, ते उठले नाहीत.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे साक्रीला परतले. घरात आता कोणी ओरडून बोलत नव्हतं आणि प्रज्ञाला ती शांतता सोसवत नव्हती. अशातच एका संध्याकाळी आई म्हणाली, दिवाळीत तू त्यांचं भरून घेतलं होतं ना, ते लाव. लॅपटॉप बिघडलाय, असं प्रज्ञा खोटं बोलली.

त्यानंतर तिने काय केलं नाही? उधन्याच्या एका दुरुस्तीवाल्याकडे लॅपटॉप नेला. चार दिवसांनी त्याने सांगितलं, काही नाही मिळणार, त्या जागेवर दुसरं काहीतरी लिहिलं गेलंय. ते दुसरं म्हणजे तिनेच नंतर उतरवलेली एक फुकटची किट होती. मग तिने फोन धुंडाळले. पार्टीचे व्हिडिओ ढीगभर, पण त्यांत पप्पा वाजवताहेत आणि आवाज गाणाऱ्याचा. बापाच्या शब्दांवर तिने स्वतःच्या हाताने कात्री चालवली होती. हे तिला एकटीला माहीत होतं आणि ते तिला आतून खात होतं.

रविवारी सकाळी आईने पुन्हा विचारलं, तेव्हा तिने लॅपटॉप उघडला. आई मांडीवर साडी आणि हातात कात्री घेऊन समोर बसली. पहिला ठोका वाजला. आईने कात्री खाली ठेवली. दुसरा वाजला. तिसरा. प्रत्येक ठोक्यानंतर आई मान थोडी पुढे करून थांबायची. बहात्तर ठोके झाले.

"मधी बोलत व्हते ना ते," आई म्हणाली. "तू झाली त्या दिवसाचं. वॉचमनचं."

"आई, ते मी कापलं," प्रज्ञा म्हणाली. आणि तिला रडू फुटलं.

आईला तिच्या रडण्याचं कारण उमगेना. तिने प्रज्ञाच्या पाठीवर हात ठेवला, दाराआडच्या गोणीकडे एकदा पाहिलं आणि समजुतीच्या सुरात विचारलं, "कापलं तर कापलं. पण ठेवलं कुठं?"