नॉमिनीचा कागद

हे बायकोलाही ठाऊक नाही. ऑफिसातल्या कोणाला नाही, आणि जिला ठाऊक असायला हवं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? — मलाही नीट कळत नाही. कदाचित तुमची आणि विमलताईंची कधी गाठ पडणार नाही म्हणून.

मी दलाल. जोगेश्वरी पूर्वेला वीस-बावीस वर्षं खोल्या दाखवत फिरलो. डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार — एवढ्या ज्ञानावर घर चाललं होतं. मग नियम आला की एजंटलाही परीक्षा. पंचेचाळिसाव्या वर्षी हातात जाडजूड पुस्तक पडलं. ते घेऊन मी गॅलरीत बसायचो. गहाणाचे प्रकारच इतके, की डोक्याचा भुगा व्हायचा — गहाण ठेवणारा कोण, ठेवून घेणारा कोण, ताबा कोणाकडे आणि मालकी कोणाची? एक ओळ वाचली की आधीची पुसली जायची. पण बिल्डिंगमध्ये माझी वट वाढली. येता-जाता लोक ‘वकीलसाहेब’ म्हणायला लागले. आधी चिडवायला, मग खरंच काहीबाही विचारायला. दहावीला गणितात दोनदा गचकलेल्या माणसाला! मला ते आवडायचं. हे आधीच सांगून ठेवतो.

तिसऱ्या मजल्यावर विमलताई राहायच्या, थोरल्या भावाकडे. आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणायचो. दादा विधुर, दम्याने बेजार. नवरा गेल्यावर ताई अकोल्याहून आल्या त्या इथेच राहिल्या. दादांचं औषधपाणी, जेवणखाण, पौर्णिमेला हात धरून विहारात नेणं — सगळं त्याच करायच्या. दादांचा एकुलता एक मुलगा बंगळुरात. बापलेकाचं काहीतरी बिनसलेलं, तो वर्षानुवर्षं फिरकला नव्हता. घर दादांच्या नावावर, आणि आपल्यामागे ते विमलला मिळावं एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

एका रविवारी ताई सोसायटीचा नॉमिनेशनचा कागद घेऊन माझ्याकडे आल्या. त्यात दादांनी त्यांचं नाव घातलं होतं.

“दादा म्हणतो मृत्युपत्रही करून टाकू. करावं लागते का रे दिनेश?”

पुस्तक माझ्या मांडीवर उघडंच होतं, गहाणाच्या प्रकरणावर. वारसांपर्यंत मी पोचलोच नव्हतो. ‘माहीत नाही, वाचून सांगतो’ — एवढं म्हणायला काय जात होतं माझं? मी कागद उलटसुलट करून पाहिला, चष्मा वर सरकवला आणि म्हणालो, “नॉमिनीत तुमचं नाव आहे ना ताई? मग झकास. घर तुमचंच. कशाला वकिलाच्या पायऱ्या चढता?”

तुम्ही म्हणाल, अजाणता झालेली चूक आहे. थांबा जरा.

तीन आठवड्यांनी ते पान आलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मालक गेल्यावर वारसांसाठी घर सांभाळून ठेवणारा, बस. मालकी वारसाची — म्हणजे इथे त्या बंगळुरच्या मुलाची. मृत्युपत्र केलेलं असेल तरच गोष्ट वेगळी. मी तीनदा वाचलं. गहाण कधी डोक्यात शिरलं नाही, हे मात्र एका दमात शिरलं. दादा तेव्हा चांगले बोलतेचालते होते, संध्याकाळी खाली बाकावर येऊन बसायचे. एक कागद आणि दोन साक्षीदार, एवढंच तर काम होतं.

मी वर गेलो. खरंच गेलो, पुस्तकात त्या पानावर बोट घालून. ताईंनी दार उघडलं. आत दादा भाकरी कुस्करत बसले होते. ताई म्हणाल्या, “काय रे?” आणि मी — मी विरजण मागितलं. वाटीभर विरजण घेऊन खाली आलो. बायको म्हणाली, अहो, घरात दही आहे की.

का मागितलं मी ते? वकीलसाहेब चुकले हे सांगायची लाज वाटली? की उद्या सांगू असं मनात आलं? आलं असेल तर मग उद्या का नाही गेलो? शंभरदा उलटंपालटं करून पाहिलंय. एखादं उत्तर खरं वाटतं, आणि चहा संपेपर्यंत तेच खोटं वाटायला लागतं.

परीक्षा अंधेरीच्या सेंटरवर, कॉम्प्युटरवर झाली. नॉमिनीचा प्रश्न आलाच. चार पर्याय होते. मी क्षणभरही न थांबता बरोबर उत्तर दिलं. पास झालो, पेढे घेऊन वर गेलो. दादांनी डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, आता आपल्या बिल्डिंगीत आपला हक्काचा जाणकार झाला. तेव्हाही सांगता आलं असतं. त्यानंतर दादा आणखी दोन महिने होते.

एका दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मुलगा आला. वाईट माणूस नाही हो तो, आत्याच्या पाया पडला, नीट बोलला. मग वकील लावून वारसाचे कागद केले आणि घर विकायला काढलं. कायद्याने ते त्याचंच होतं. भाच्याला कोर्टात खेचणाऱ्यांतल्या ताई नव्हत्या.

आता ते सांगतो — ज्यासाठी एवढं लांबण लावलं.

सामान बांधायला काढलं त्या दिवशी ताई माझ्या दारात आल्या. मी शिव्या खायच्या तयारीने उभा राहिलो. बरंच झालं, म्हटलं, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. तर त्या म्हणाल्या, “दिनेश, तू तर घर माझंच म्हणला होता. मंग मधात कायदा बदलला का रे?”

टोमणा नव्हता त्यात. त्या खरंच विचारत होत्या.

“हो ताई,” मी म्हणालो. “बदलला.”

त्यांनी मान डोलावली. मंग तू तरी काय करशील, म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

आता त्या बदलापूरला चुलत बहिणीकडे असतात. स्वयंपाकघराला लागून पडदा लावलाय, त्याच्यामागे त्यांची कॉट. मधूनमधून फोन करतात, माझ्या पोरांची चौकशी करतात. मागच्या आठवड्यात माझ्याशी बोलता बोलताच बहिणीला सांगत होत्या — दिनेशने बरोबरच सांगितलं होतं गं, आमच्याच वेळी कायदा बदलला.

कायदा बदलला नव्हता. ते पान तेव्हा होतं तसंच आजही आहे. आणि ते मी दादा असताना वाचलं होतं.