सगुणाबाईचा पाय

भोकरदनच्या शाळेतल्या स्काऊटांना मोडलेलं हाड बांधायला शिकायचं असलं की ती पोरं रांगेनं मच्छिंद्र मास्तरांच्या घरी येत. मास्तरांची बहीण सगुणाबाई ओसरीवर सतरंजी टाकून आडवी व्हायची आणि आपला वाकडा पाय पुढं करायची. पोरं त्याला फळ्या लावत, पट्ट्या गुंडाळत. बायका म्हणत, चला, बिचारीचा काहीतरी उपयोग होतो. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी तिच्याच गावची, लग्न होऊन भोकरदनला तिच्या शेजारी आलेली. तो पाय वाकडा कसा झाला ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

या बहीण-भावाचा बाप पुंजाराम. राजूरच्या अलीकडं त्याचं शेत, घरचं खाऊन-पिऊन सुखी. मच्छिंद्र भोकरदनला राहून शिकत होता, धाकटी सगुणा घरी होती. निजामाच्या राज्यात शाळांमधून स्काऊट निघाले आणि मच्छिंद्रची त्यात निवड झाली. खाकी चड्डी-सदरा, गळ्यात रुमाल, हातात काठी, पायात बूट. तो पहिल्यांदा त्या थाटात गावात आला तेव्हा पाटलानं ओट्यावर सरकून त्याला जागा दिली. पुंजाराम ते मरेपर्यंत सांगत होता.

बूट आले सगुणाच्या तोड्यांतून. तिच्या लग्नासाठी आई तुळजाबाईनं जपून ठेवलेले चांदीचे तोडे होते, ते मोडले. सगुणा रडायला लागली तर आई म्हणाली, "गप बस. भाऊ अंमलदार झाला की सोन्याचे घालील तुला."

खोटं कशाला बोलू, पोरगं सुधारलं होतं. आधी सांगितल्याशिवाय पाण्याचा तांब्या न उचलणारा मच्छिंद्र आता स्वतःचं अंथरूण घडी करायचा. शेजारच्या रामकिसनचा हात विळ्यानं कापला, रक्त थांबेना, तेव्हा यानं गळ्यातला रुमाल सोडून असा बांधला की रक्त जागच्या जागी थांबलं. सगळ्या गावानं पाहिलं. त्या दिवसापासून पुंजाराम म्हणायला लागला, आमच्या घरात डॉक्टर आहे.

ज्वारी हुरड्यात आली आणि मच्छिंद्रचं औरंगाबादला शिबिर निघालं. शेतात बल्ल्यांच्या उंच माळ्यावर बसून पाखरं राखायचं काम त्याचं. बाप म्हणाला, तू जा, सगुणा बसेल माळ्यावर. उन्हाळ्यात तिचं लग्न होतं, सुपारी फुटलेली. ती गोफण घेऊन माळ्यावर चढली. माळ्याची एक बल्ली किडलेली होती, ती मोडली आणि पोरगी खाली आली. नडगीचं हाड मोडलं.

राजूरचा कचरू हाडं बसवायचा. त्याच्या हातानं कुणी बरे झाले, कुणी लंगडे. तो आपण होऊन आला, तर पुंजारामनं त्याला दारातूनच वाटेला लावलं.

"एवढा खर्चा कशापायी केला म्या? माझा मच्छिंद्र तेच शिकून राह्यला तिकडं. पुढच्या बाजारी येतो, तोच बांधील."

तुळजाबाई म्हणाली, "गाडी जुपा. जालन्याच्या दवाखान्यात नेऊ."

"घरात डॉक्टर असून गाडी जुपली तर गाव तोंडात शेण घालील."

बाजाराच्या दिवसापर्यंत पोरगी कण्हत पडली. मच्छिंद्र आला तो बाहीवर नवा बिल्ला लावून. जखमी माणसाला बांधायचं शिकला म्हणून मिळालेला बिल्ला. अंगणात सगळं गाव जमलेलं, मीही होते. सुजलेला पाय पाहून त्याचा चेहरा उतरला. तो काहीतरी बोलायला गेला, तेवढ्यात बाप ओरडला, "बघा रे, आता माझ्या लेकाचा हात बघा!" मच्छिंद्रनं तोंड मिटलं. फळ्या लावून पाय बांधला, अगदी सफाईनं.

"आता काय करायचं रं?" आईनं विचारलं.

"काई न्हाई. हलवू नका. होईल बराबर."

पट्ट्या सुटल्या तेव्हा पाय कोयत्यासारखा वाकडा जुळला होता. होणारी सासू साळूबाई आली आणि म्हणाली, "चालून दाखव, बाई." सगुणा चुलीपासून दारापर्यंत चालली. साळूबाई पाणीही न पिता गेली. मग पुंजारामनं कारण शोधलं, "पोरीनंच झोपंत पाय हलवला." आईनं तेच धरलं, गावानं तेच धरलं. सगुणानंही धरलं. मला कितीदा म्हणाली असेल, माझाच धीर कमी पडला गं, दादानं तर चांगला बांधला व्हता.

मच्छिंद्र भोकरदनच्या शाळेत मास्तर झाला, स्काऊटही त्याच्याच हाती आले. बिल्ल्यांचा नोकरीला फायदा झालाच. आई-बाप कौतुक करत गेले आणि सगुणाबाई भावाच्या घरी भाकरी थापायला आली.

परवा जालन्याहून एक साहेब स्काऊटांची परीक्षा घ्यायला आले. मी मास्तरांच्या घरी ताकाचा तांब्या द्यायला गेले होते, तिथंच थांबले. भुजंग नावाच्या पोरानं सगुणाबाईचा पाय बांधला.

साहेबांनी विचारलं, "बांधून झालं. आता पुढं?"

"जल्दी दवाखान्यात न्यायचं, साहेब. हे बांधणं तिथवर न्यायापुरतंच असतं."

"नाही नेलं तर?"

"हाड वाकडं जुळतं."

"शाब्बास! कधी शिकवलं हे?"

"पयल्याच दिवशी, साहेब. हे सगळ्यात आधी शिकवतेत."

सगुणाबाई उठून बसली. भावाकडं बघून म्हणाली, "दादा, तुला बी पयल्याच दिवशी शिकवलं व्हतं का रं?"

मास्तरांनी तिच्याकडं पाहिलं नाही. साहेबांकडं बघून ते हसले, बिल्ला सारखा केला.

"म्या पाय हलवला न्हवता, दादा."

"आडवी हो, सगुणे. पोरं खोळंबलीत."

मला वाटलं, आता ही भावाच्या तोंडावर थुंकेल. पण ज्या घरात ती भाकरी खाते ते घर त्याचं, आणि तिथून निघून जायला लागतो तो पाय त्यानंच घालवलेला. सगुणाबाई आडवी झाली आणि पुढच्या पोरासाठी तिनं पाय पुढं केला.