पावणेदोन तासांवरचं सासर

आमच्या भाऊजींइतका विमानप्रवासाचा जाणकार उभ्या आदिलाबाद जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि तेही जन्मात विमानाला हात न लावता! गुडीहत्नूरला हायवेला लागून त्यांचं भाजीच्या बियाण्यांचं दुकान आहे. वांग्याचं बी न्यायला आलेल्या माणसाला पाकिटाबरोबर नागपूर-हैद्राबाद हवाई अंतर फुकट मिळतं. मोबाइलवर दोन विमानतळांची नावं घालायची आणि आलेलं उत्तर आपणच आभाळात फीत धरून मोजल्याच्या थाटात सांगायचं, हा त्यांचा नेम. उटनूरचं एक गिऱ्हाईक एकदा वैतागलं, "शेठ, भेंडी किती दिवसानं उगवते थे सांगा ना!" भाऊजींनी त्याला आधी दिल्लीला पोचवलं, मग भेंडी दिली.

हे वेड दुकानापुरतं राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण भाचीला दोन स्थळं आली, एक नार्नूरचं, एक बंगळूरचं. ताईचा सगळा जीव नार्नूरमध्ये. भाऊजींनी मोबाइल काढला. "नार्नूरले बसनं दोन तास. नागपूरवरून बंगळूर पावणेदोन तास. मंग जवळ कोन्तं, तूच सांग!" नागपूरपर्यंतचा रस्ता ते प्रवासात धरतच नाहीत, ते त्यांचं अंगण. या हिशेबानं पोरगी 'जवळ' दिली गेली.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला प्रवासाची मनाई केली. ताई म्हणाली, मी महिनाभर आधीच जाऊन राहते. "काऊन?" भाऊजी हसले आणि त्यांनी लेकीला फोनवर सांगून टाकलं, "पोट दुखाले लागलं का फोन कर. पावणेदोन तासात तुई माय तुयापाशी."

फोन आला तो दिलेल्या तारखेच्या पंधरा दिवस आधी, पहाटे पाचला. मी, ताई, भाऊजी गाडी करून निघालो. नागपूरला पोचेस्तोवर अकरा वाजले, आणि तिकीट मिळालं तीनच्या विमानाचं. ताई डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसली, पाण्याचा घोटही घेईना. विमानतळावरच्या काउंटरवरल्या पोरीला भाऊजी दर दहा मिनिटांनी विचारत, "म्याडम, विमान लवकर सुटत नाई का?" तपासणीच्या रांगेत त्यांचा फोन ट्रेमध्ये घालून यंत्रात गेला आणि नेमका तेव्हाच वाजायला लागला. पलीकडून बाहेर आल्या आल्या त्यांनी तो उचलला, तर जावई सांगत होते, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. ताईनं तिथंच पदर डोळ्यांना लावला. मग विमान सुटलं, बरोबर पावणेदोन तासांत उतरलं. आयुष्यातलं पहिलं विमान, पण भाऊजींनी खिडकीबाहेर पाहिलंदेखील नाही.

विमानतळापासून दवाखाना गाठायला आणखी दोन तास लागले. भाची दमलेली होती, तरी आम्हाला बघून हसली. म्हणाली, "लय भेव वाटलं, बाबा. शेवटी नर्सबाईचा हात धरला. तिले आपली बोली समजत नव्हती, तरी मी तिलेच माय, माय म्हनत होती." तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. भाऊजी नातीकडे न बघता लेकीच्या पायांवरची चादर उगाच सारखी करत राहिले.

ताई अजून तिकडेच आहे. परवा दुकानात बसलो होतो, एका नव्या गिऱ्हाइकानं सहज विचारलं, "लेक कुठं देली, शेठ?" मी भाऊजींच्या तोंडाकडे बघत राहिलो. मोबाइल समोरच पडला होता. बियाण्याचं पाकीट पुढे करत ते म्हणाले, "लय दूर देली, बाप्पा."