चार नंबर हॉलच्या खिडक्या

बिरादार सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या कॉलेजात एका खिडकीवरून भांडत होते. बाहेर रस्त्याचं काम चालू होतं, धूळ आत येत होती आणि मागच्या बाकावरची पोरं ओरडत होती, "मॅडम, लावा की खिडकी, नाकात माती चालली!" मी म्हणत होते, रुमाल बांधा, खिडकी उघडीच राहील. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. शिरूर अनंतपाळहून सुशीलाकाकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा नंबर. काकू एवढंच म्हणाल्या, "सर गेले गं पोरी. सकाळी च्या पिऊन बसले होते... बसल्या बसल्याच गेले." वर्गानं माझा चेहरा बघितला. एक पोरगा खिडकीपाशी गेला होता, त्याचा हात कडीवर तसाच राहिला. "राहू दे उघडी," मी म्हणाले. त्या दिवशी त्या वर्गात मला दुसरं काही शिकवता आलं नाही.

याला आता काही आठवडे झाले. या काळात सरांविषयी पुष्कळ लिहून आलं. कुणी त्यांना मनमिळाऊ म्हटलं, कुणी अजातशत्रू. वाचून हसू आलं. नांदेडच्या ज्या कॉलेजात मी शिकले तिथं ते भूगोल शिकवायचे आणि परीक्षाप्रमुख होते, आणि आमच्या भागात प्रामाणिक परीक्षाप्रमुखाला शत्रू नसणं शक्यच नाही. आमच्याकडे परीक्षा एकट्या पोराची नसते, अख्ख्या खानदानाची असते. पेपरच्या दिवशी कॉलेजच्या मागच्या कुंपणभिंतीपाशी कुणाचा भाऊ, कुणाचा मामा, कुणाचा होणारा मेहुणा जमतो. दगडाला चिठ्ठी गुंडाळायची आणि खिडकीच्या गजांतून नेमकी आत सोडायची, यात काही माणसं इतकी तरबेज असतात की क्रिकेटच्या संघात घ्यावीत. सर परीक्षाप्रमुख झाले त्याच वर्षी त्यांनी मागच्या बाजूच्या सगळ्या हॉलच्या लाकडी खिडक्यांना लांब खिळे ठोकून घेतले. झडपा चौकटीला कायमच्या जखडल्या. चिठ्ठ्या बंद झाल्या, केंद्राचं नाव स्वच्छ झालं आणि सरांना नाव पडलं, खिळेवाले सर. उन्हाळ्यात चार नंबरचा हॉल भट्टीसारखा तापायचा, पंखे तीच गरम हवा फिरवत राहायचे. पण केंद्राची अब्रू मोठी होती. सरांना त्या खिळ्यांचा अभिमान होता, आणि तो ते लपवत नसत.

मग महामारी आली. कॉलेज बंद पडलं, आम्ही आपापल्या गावी गेलो. मी हिमायतनगरला वडिलांबरोबर होते. वडील आयुष्यभर पत्रकं वाटत आले. जयंतीची, मोर्चाची, शिष्यवृत्तीच्या हक्काची. माझी अक्षरओळखच पत्रकांवर झाली आणि शाळेच्या वह्यांना कव्हरंही त्यांचीच. त्यामुळे कॉलेज पुन्हा उघडलं तेव्हा विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे आलं, ते साहजिकच होतं.

कॉलेजनं तयारी जोरात केली होती. फाटकावर कपाळाला पिस्तूल लावावं तसा ताप मोजणारा माणूस, दारात पायानं दाबायचा सॅनिटायझर, व्हरांड्यात चुन्याचे गोल, एक सोडून एक बाक, दर संध्याकाळी फवारणी. पाहणी समितीनं पाठ थोपटली. आणि चार नंबर हॉलच्या खिडक्यांना खिळे तसेच. रोग हवेतून पसरतो हे तोवर लोक बोलू लागले होते, आम्हीही बोलत होतो. पण ते खिळे इतकी वर्षं डोळ्यांसमोर होते की ते भिंतीचाच भाग वाटायचे. समितीला दिसले नाहीत, प्राचार्यांना दिसले नाहीत, ठोकणाऱ्यालाही दिसले नाहीत.

त्या हॉलमध्ये चाचणी परीक्षा झाली. दार लावून, शिस्तीत. त्यानंतर आठवड्याभरात बरीच पोरं तापली. त्यात माहूरची रेखा होती, माझी वर्गमैत्रीण. तिच्या वडिलांचं गडाच्या पायथ्याशी नारळ, कुंकू, उदबत्तीचं दुकान. ती घरी गेली, चार दिवसांत उठून बसली. वडील मात्र उठले नाहीत. तिनं तो ताप कुठून नेला, हे कुणी सिद्ध केलं नाही आणि करताही आलं नसतं. बसमधून नेला असेल, बाजारातून नेला असेल. प्राचार्य तेच म्हणत होते. बिरादार सर कुणाला न सांगता माहूरला जाऊन आले. तिथं काय बोलणं झालं ते ना सरांनी सांगितलं, ना रेखानं. एवढंच कळलं की बंद दुकानाची फळी उघडायला लावून त्यांनी उदबत्तीचा एक पुडा विकत घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही चार-पाच जणी हॉलपाशी उभ्या होतो. सर एकटेच आत गेले, मधल्या बाकावर उदबत्ती लावली, दार लावून बाहेर येऊन उभे राहिले. कुणीतरी चेष्टेनं विचारलं, "सर, आज कशाची पूजा?" सर म्हणाले, "माझ्या अकलेची." उदबत्ती संपून बराच वेळ गेल्यावर त्यांनी दार उघडलं. धूर आत तसाच लोंबत होता, कुणी टांगून ठेवल्यासारखा. व्यापारी वारे आणि मोसमी वारे वर्षानुवर्षं फळ्यावर काढणारा माणूस त्या धुराकडे बघत राहिला... मग म्हणाला, "वारा शिकवायलो इतकी वर्षं, आन् वर्गात वारा न्हाई." ऑफिसातून पक्कड आणली आणि पहिला खिळा स्वतः उपटला. जुना, गंजलेला खिळा होता. निघताना असा किंचाळला की वरच्या मजल्यावरून लोक डोकावले.

प्राचार्य धावत आले. विद्यापीठाच्या परीक्षा तोंडावर होत्या, त्याही हॉलमध्ये बसूनच द्यायच्या. "बिरादार, काय करायलात? भरारी पथक येईल. एक चिठ्ठी सापडली तर केंद्र जाईल, पोरांचं वर्ष जाईल!" सर खिळा काढतच म्हणाले, "वर्ष परत येतं साहेब. रेखाचा बाप येणार हाय का?"

माझी आणि सरांची खरी गाठ पडली ती त्यानंतर. मी पत्रक काढलं होतं, बंद हॉलमधल्या परीक्षेचा निषेध करणारं. सरांनी मला बोलावलं. मला वाटलं दम देतील. ते पत्रक हातात घेऊन बसले होते, चष्मा कपाळावर. म्हणाले, "वाचलो. चांगलं लिहायलीस. निषेध लई ठिकाणी हाय. काय करायचं ते मात्र एका बी ठिकाणी न्हाई." मी तावातावानं म्हणाले, करायचं काम प्रशासनाचं आहे. "हाव. मी प्रशासन. मी खिळे काढलो. आता भिंतीमागच्या मंडळींना कोण सांगणार? माझं ते ऐकत न्हाईत. मी त्यांचा दुश्मन. तू सांग."

मी ते पत्रक लिहिलं. सरांनी त्यातली सगळी मोठी वाक्यं खोडली. उरलं ते असं होतं: 'दादा, मामा, काका, ही खिडकी आमच्या श्वासासाठी उघडली आहे. तुम्ही आत टाकलेली एक चिठ्ठी ती बंद करील. मग ज्याला पास करायला तुम्ही आलात, तोच आत कोंडेल.' माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान पत्रक. संघटनेच्या पोरांनी ते मागच्या रस्त्यावर, चहाच्या टपऱ्यांवर, बस थांब्यावर वाटलं. काहींनी वाचलं, काहींनी त्यावरच भजी खाल्ली.

पहिल्या पेपरला मी चार नंबरमध्येच होते. खिडक्या सताड उघड्या. वाऱ्यानं झडपा आपटू नयेत म्हणून सरांनी मोडक्या बाकांचं लाकूड कापून पाचरी केल्या होत्या आणि प्रत्येक झडपेखाली एक सारली होती. सर बाकांमधून फेऱ्या घालत होते. तासभर सगळं शांत. मग मागून दगड आला. पुढच्या बाकाच्या पायावर आपटला, गडगडत मधे येऊन थांबला. त्याला गुंडाळलेली चिठ्ठी सगळ्यांना दिसली. आणि नेमकं त्याच वेळी दारात भरारी पथक उभं होतं, त्यांच्यामागे प्राचार्य. प्राचार्य सरांना डोळ्यांनी खुणावत होते, उचला आणि खिशात घाला. माझ्या हातातलं पेन थांबलं. सर वाकले, दगड उचलला आणि पथकाच्या साहेबांच्या तळहातावर ठेवला.

"ही आत्ता आली साहेब. कुणी उघडली न्हाई."

"मग खिडक्या लावा. लगेच."

"लावत न्हाई."

साहेबांचा आवाज चढला. "केंद्र रद्द करू का?"

"करा. पण आधी दारातून आत या. खिडक्या लावतो, आन् पेपर सुटंपर्यंत तुम्ही ह्या लेकरांत बसा. मास्क हायच की तुमच्या तोंडाला."

साहेब आत आले नाहीत. त्यांनी खिडक्यांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. मास्कवर त्यांचे डोळे तेवढे दिसत होते, त्यात राग होता की आणखी काही, मला आजही सांगता येणार नाही. शेवटी म्हणाले, "प्रत्येक खिडकीबाहेर माणूस बसवा. पुन्हा एक चिठ्ठी आली तर मी काही ऐकणार नाही."

"पहिला मीच बसतो," सर म्हणाले आणि खुर्ची उचलून बाहेर गेले.

ती सगळी परीक्षा ते बाहेर बसले. नांदेडचं ऊन, मागच्या बाजूला सावलीला झाड नाही. डोक्याला ओला टॉवेल, शेजारी पाण्याची बाटली, पाठ खिडकीला, तोंड भिंतीकडे. बाकीचे प्राध्यापक आधी कुरकुरले, "आम्हाला काय शेताची राखण करायला नेमलंय का?" मग इंग्रजीच्या मॅडम छत्री घेऊन आल्या, त्यांच्यामागे आणखी काही आले. काही शेवटपर्यंत आले नाहीत. भिंतीपलीकडून कुणीतरी ओरडायचं, "सर, च्या पाठवू का?" सर इकडून म्हणायचे, "पाठव. पण कपात. दगडाला गुंडाळून नको." भिंतीपलीकडे हशा पिकायचा. दगड पुन्हा आला नाही. लिहिताना मान वर केली की मला गजांपलीकडे सरांचा टॉवेल दिसायचा आणि मानेवर वारा लागायचा.

त्या परीक्षेनंतर कुणीच आजारी पडलं नाही असं मी लिहिणार नाही. पडले. त्या दिवसांत गावोगावी माणसं पडतच होती. पण चार नंबरमधून कुणाच्या घरी काय गेलं असतं आणि गेलं नाही, ते कुणाला मांडता येणार? जे घडलं नाही त्याचा सत्कार होत नाही. सर निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल आणि नारळ मिळाला. भाषणांत खिडक्यांचा उल्लेख नव्हता.

गेल्या दिवाळीत मी त्यांना शिरूरला भेटायला गेले. ओसरीवर बसून विळ्यानं काहीतरी तासत होते. काकू म्हणाल्या, "बग तुझे सर. घरात सगळी दारं-खिडक्या उघडी. मांजरं दूध पिऊन चाललीत." सरांनी मला विचारलं, "नोकरी कशी हाय?" मी म्हणाले, तासिकेवर आहे, वर्ग भरलेला आहे. "खिडक्या?" मी म्हणाले, उघडते, पण पोरं धूळ येते म्हणून लावतात. ते आत गेले आणि एक पाचर आणून माझ्या हातात दिली. चार नंबरमधली होती, बाकाचा जुना हिरवा रंग अजून एका बाजूला. "वादच घालू नको. ही सार झडपेखाली," म्हणाले. तीच शेवटची भेट...

गेल्या रविवारी कॉलेजनं शोकसभा ठेवली. चार नंबरमध्येच. मी आत पाऊल टाकलं आणि खिडक्या बघितल्या. परीक्षा जवळ आल्या होत्या. झडपा बंद, चौकटीत नवे खिळे, चकचकीत. समोर सरांचा फोटो, हार. माहूरहून रेखा आली होती, आता वडिलांचं दुकान तीच चालवते. तिनं पुडा फोडून उदबत्त्या लावल्या. एकामागून एक वक्ते उठत होते, महामारीतलं सरांचं योगदान सांगत होते, आणि धूर फोटोसमोर लोंबत होता, हलत नव्हता. रेखानं माझ्याकडे बघितलं. मी उठणार होते, तोंडात एक अख्खं पत्रक तयार होतं. पण त्याआधी पहिल्या रांगेतून काकूंचा आवाज आला, चालू भाषणाच्या मध्येच. "आव, त्या खिडक्या कामून लावल्यात?"

नवे प्राचार्य गडबडले. "काकू, परीक्षा आहेत ना... कॉपीचा प्रश्न..."

"मग माणसं बसवा की बाहीर. ह्येंनी बसायचे तसं. तुमच्यात कोण न्हाई का उन्हात बसणारं?"

मग इंग्रजीच्या मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "मी बसते. छत्री आहे माझ्याकडे." मागून एकानं, मग आणखी एकानं हात वर केला. कुणीतरी ऑफिसातून पक्कड आणली. नवा खिळा होता, किंचाळला नाही, सरळ निघून आला. रेखानं झडप ढकलली आणि मी पर्समधली पाचर काढून तिच्याखाली सारली.

परीक्षा सगळीकडेच जवळ आल्या आहेत. तुमच्या गावातल्या कॉलेजात जाऊन खिडक्यांच्या चौकटी बघा. खिळे दिसले तर विचारा, आणि विचारून थांबू नका, खुर्ची घेऊन बाहेर बसायला तयार राहा. ती पाचर मी परत आणली नाही. लातूरच्या वर्गासाठी मोडक्या बाकाची दुसरी कापून घेतली. सरांची चार नंबरमध्येच आहे, उजवीकडून दुसऱ्या झडपेखाली. त्या दिवशी आम्ही ती सारली तेव्हा फोटोसमोरचा धूर क्षणभर थरथरला, वाकला आणि गजांमधून बाहेर निघाला, जिथं सर खुर्ची टाकून बसायचे तिकडं.