टाकीभोवती न भरलेला मुरूम

बारा बाय सोळा फुटांची एक खोली. वर एका बाजूला उतरता पत्रा, आत ओटा आणि झोपायला लाकडी माळा. विजेसाठी सौर पॅनल, मागे खत करणारा कोरडा संडास, आणि पाण्यासाठी जमिनीत पुरलेली दहा हजार लिटरची विटांची टाकी. अकोला आणि अमरावतीच्या मधल्या आमच्या शेतात मी हे घर कागदावर आखलं, तेव्हा अमरावतीच्या एका दैनिकातून निवृत्त होऊन मला चार महिने झाले होते.

घराला मी एक नियम लावला होता. पाच किलोमीटरच्या बाहेरून काही आणायचं नाही. माती शेतातली, विटा शेजारच्या गावातल्या भट्टीच्या, लाकूड आमच्याच बांधावरच्या बाभळीचं. पत्रा, सिमेंट आणि पॅनल हे अपवाद आहेत, हेही मी दैनिकातल्या माझ्या पाक्षिक सदरात नोंदवलं होतं. घराची हकीकत त्या सदरात क्रमशः येत होती आणि ती वाचली जात होती.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीला पाणी लागतं, पण खारं. ते पिता येत नाही, त्यात डाळ शिजत नाही. त्यामुळे पत्र्यावरून टाकीत उतरणारं पावसाचं पाणी हाच या घराचा आधार होता.

गावात मिस्त्री एकच. साठीचा, कमी बोलणारा माणूस. टाकीचा खड्डा खोदून झाला त्या दिवशी तो काठावर उकिडवा बसला.

"ताई, जमीन काळी आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. खड्डा अजून हातभर रुंद करू अन् चहूबाजूनं मुरूम भरू. त्याच्याबिगर टाकी टिकत नाही जी."

मुरूम म्हणजे खडकाचा भुरभुरीत चुरा. तो काळ्या मातीसारखा फुगत नाही.

"मुरूम कुठून येईल?"

"बडनेऱ्याकून टिप्पर येते."

"म्हणजे तीस किलोमीटर. नको. आपल्या नियमात बसत नाही."

"नियम तुमचा आहे ताई. जमिनीले कोन सांगन?"

मी हसले. त्यानं दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. मी पुन्हा नको म्हणाले. "टाकी तुमची, मी बांधून देतो," तो म्हणाला आणि त्यानं बांधून दिली. कामात खोट नव्हती.

पावसाळ्यात टाकी काठोकाठ भरली. मार्चमध्ये आठ दिवसांत पाणी दोन फूट उतरलं. टाकीला लागून जमिनीत हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. टाकीच्या आतल्या भिंतीत वरपासून तळापर्यंत तिरपी चीर होती. त्यानंतर आम्ही गावातल्या नळावरून कॅन भरून आणू लागलो.

मी त्यावर सदर लिहिलं. अपयशाबद्दल लिहिणं हा प्रामाणिकपणा आहे, अशी माझी समजूत होती. त्यात एक वाक्य असं होतं : 'टाकी बांधताना स्थानिक मिस्त्रीला काळ्या जमिनीचा पुरेसा अंदाज आला नाही.'

लिहिताना मला मुरूम आठवला नव्हता, असं म्हणता येणार नाही. पहिल्या खर्ड्यात त्याबद्दल दोन वाक्यं होती. मजकूर जागेपेक्षा जास्त होत होता. मी ती दोन कापली.

छापून आल्यावर नवऱ्यानं वाचलं. "हे खरं नाहीये," तो म्हणाला. "त्यानं तुला सांगितलं होतं. मी तिथंच बाजेवर बसलो होतो."

"मी नाव कुठं दिलंय?"

"गावात मिस्त्री किती आहेत?"

नाव नसलं की कुणाला धक्का लागत नाही, हे मी कित्येक उपसंपादकांना शिकवलं होतं.

मे महिन्यात टाकीच्या दुरुस्तीसाठी मी मिस्त्रीच्या घरी गेले. त्याची बायको दारात तूर पाखडत होती.

"ते नाहीत. अकोल्याले गेले, ठेकेदाराकडं. हजेरीवर."

"मिस्त्री असून रोजंदारीवर?"

"मिस्त्री कोन म्हन्ते आता त्याइले?" तिनं सूप खाली ठेवलं नाही. "शेजारच्या गावच्या गुरुजीनं टाकीचं काम देल्लं होतं. मंग तुमच्या पेपरातलं वाचलं. म्हने, राहू द्या. मंग दुसऱ्यानंबी तेच म्हटलं. बसा, पानी देतो."

तिनं पाणी दिलं. मी प्यायले.

त्या संध्याकाळी मी दैनिकात फोन केला. पुरवणी बघणारा संपादक माझ्याच हाताखाली तयार झालेला. "खुलासा छाप," मी म्हणाले.

"मॅडम, नाव तर नव्हतं. मग खुलासा कोणाचा? तुम्हीच शिकवलंय."

मी हट्ट धरल्यावर खुलासा छापून आला. तीन ओळी, आतल्या पानावर, एका जाहिरातीखाली. गावात तो कुणी वाचल्याचं मला कळलं नाही.

रविवारी मिस्त्री घरी होता. मी त्याला पेपर दाखवला. त्यानं चष्मा लावून तिन्ही ओळी वाचल्या आणि घडी करून परत दिला.

"चूक माही आहे असं तुमाले वाटलं असतं, त मले सांगाचं. मी ऐकून घेतलं असतं. तुमी मले सांगितलंच नाही. जिल्ह्याले सांगितलं."

"मी काय करू?"

त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. "टाकी दुरुस्त करून देतो. खोदाच्या दिवशी गुरुजीले बलावा. बाकी काही नको."

गुरुजींना बोलावायला मी स्वतः गेले. त्यांनी टाकीचं काम कधीच दुसऱ्याकडून करून घेतलं होतं. ते आले ते माझ्या शब्दाखातर. गावातली आणखी चार माणसं त्यांच्या मागे आली. बातमी कशी पसरते हे मला माहीत आहे.

मिस्त्रीनं एका बाजूची माती काढली. विटांना चिकटून काळी माती होती, वाळून ढेकळं झालेली. त्यानं फावडं टेकवून ठेवलं आणि वर पाहिलं.

"ताई, इथं मुरूम काहून नाही?"

सगळे माझ्याकडे बघत होते. पस्तीस वर्षं मी इतरांच्या चुका आटोपशीर वाक्यांत लिहिल्या होत्या. हे वाक्य लांबत गेलं. मिस्त्रीनं दोनदा सांगितलं होतं, मी नको म्हटलं, माझा एक नियम होता, आणि पेपरात ते लिहायचं मी टाळलं, एवढं मी म्हणाले.

"म्हंजे याचा दोष नव्हता?" गुरुजींनी विचारलं.

"नाही."

"मंग लिहलं काहून तसं?"

जागा कमी होती, हे कारण माझ्या तोंडापर्यंत आलं. मी ते सांगितलं नाही. दुसरं कारण माझ्याकडे नव्हतं.

गुरुजी मिस्त्रीकडे वळले आणि काहीतरी बोलणार होते. पण त्यानं पुन्हा फावडं हातात घेतलं होतं.